एका शिवीची शिफारस

पुढेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुसरंच होतं, चांगलं घरंदाज, पण ते फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. ऑफिसात सगळे त्यांना पुढेकरच म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे. सुरुवातीला ते चिडले. मग एकदा टेलिफोन उचलून स्वतःच 'पुढेकर बोलतोय' म्हणाले, आणि तिथे तो विषय संपला.

नाव पडायचं कारण एक बटण. व्हिडिओ गेममध्ये दोन माणसं बोलायला लागली की पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण येतं, त्यावर 'पुढे' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की बोलणं गायब, थेट मारामारी. पुढेकरांनी सतरा वर्षांत हे बटण किती वेळा दाबलं असेल ते देव जाणे. त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता, आणि तो घट्टा ते नव्या लोकांना दाखवायचेही.

आता सतरा वर्षं गेम खेळायचा पगार कोण देतं, असं तुम्ही विचाराल. सरकार देतं. बाजारात येणारा प्रत्येक गेम आधी ह्या ऑफिसात यायचा. तिसरा मजला, लिफ्ट बंद, सहा टेबलं, सहा पडदे. तपासनीस तो गेम खेळून बघणार आणि तीनपैकी एक शिक्का मारणार. हिरवा म्हणजे सगळ्यांसाठी, पिवळा म्हणजे बारा वर्षांपुढच्यांसाठी, आणि लाल म्हणजे फक्त प्रौढांसाठी. पुढेकर तपासनीस होते. नातेवाइकांना वाटायचं, काय मजा आहे लेकाची, खेळायचे पैसे मिळतात. अहो, मिठाईच्या दुकानातल्या माणसाला विचारा त्याला गोड आवडतं का.

शिक्का कोणता मारायचा हे मनावर नव्हतं, तक्त्यावर होतं. तक्त्यात रकाने होते. रक्त: थेंब, डाग की धार. मृतदेह: पूर्ण की अपूर्ण. सिगारेट किती, दारूचे पेले किती, उघडं अंग किती सेकंद. सगळे आकडे भरायचे, खाली बेरीज करायची, बेरीज सांगेल तो रंग. माणसं एकमेकांशी काय बोलतात ह्याला रकाना नव्हता. शिव्यांची यादी कंपनीच वेळेसकट जोडून द्यायची, म्हणजे ऐकायचीही गरज नाही. मग बोलणं ऐकत बसायचं कशाला? अंगठा होताच.

तुम्हाला वाटेल, गेमवाले हिरव्यासाठी हातापाया पडत असतील. छे! उलटं होतं. सगळ्यांना लाल हवा असायचा. लाल शिक्का असला की दुकानात तो गेम वरच्या फळीवर, काळ्या कापडावर, दिवा लावून ठेवायचे, आणि मोठी माणसं तोच उचलायची. एका मोठ्या कंपनीचा माणूस दर दोन महिन्यांनी यायचा, गळ्यात टाय, हातात पेढ्यांचा डबा नाही तर डायरी. पिवळा लागला की त्याचा चेहरा पडायचा. "साहेब, आमची कथा फार प्रौढ आहे हो," म्हणायचा. प्रौढ म्हणजे काय? तर नायकाला दाढी, नायकाची बायको पहिल्या पाच मिनिटांत मेलेली, आकाशात कायम ढग, आणि कुणीही कुणाशी सरळ बोलत नाही, सगळे खर्जात गुरगुरतात. एवढं करूनही बेरीज कमी पडली तर तो तिथल्या तिथे विचारायचा, आणखी किती रक्त घालू? पुढेकर तक्ता बघून सांगायचे, चार धारा कमी पडतायत. तो आठ घालून आणायचा. हा धंदा असा सुरळीत चालला होता.

अशात एका सोमवारी त्यांच्या टेबलावर एक लहानसा गेम आला. दोन खोल्यांची कंपनी, तीन माणसं. एक बाई गोष्ट लिहिणारी, तिचा भाऊ चित्रं काढणारा आणि तिसरा आवाज भरणारा. गेममध्ये एक घर होतं. तुम्ही मुलगा. दुपारच्या वेळी बापाच्या घरी आलायत. बापाची एक बॅग भरायची, त्याला बाहेर आणायचं आणि दाराला कुलूप लावायचं. बस्स. शत्रू नाही, बंदूक नाही, साधं पळायलाही नाही.

पुढेकरांनी एकोणीस मिनिटांत उरकला. बाप तोंड उघडतोय असं दिसलं की पुढे. मध्येच एक गडबड मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नाही, शेवटी इतक्या वर्षांचा अनुभव. बॅगेत सारखी एक जुनी इस्त्री येत होती. त्यांनी काढली. बाप पुन्हा ठेवून गेला. असं अकरा वेळा झालं. पुढेकरांनी शेऱ्यात लिहिलं, 'खेळात तांत्रिक दोष: इस्त्री काढूनही परत येते. दुरुस्ती व्हावी.' बाकी तक्ता कोरा. रक्त शून्य, मृतदेह शून्य, सिगारेट शून्य. हिरवा शिक्का. पुढे.

तीन आठवड्यांनी अपील आलं. आमच्या ऑफिसांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याच्याविरुद्ध अपील, ते त्याच्याच टेबलावर जातं, म्हणजे कुणावर अन्याय व्हायला नको. गोष्ट लिहिणारी बाई स्वतः तीन जिने चढून आली. पन्नाशीला टेकलेली, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. आवाज न चढवता तिनं सगळं मांडलं. हिरव्या शिक्क्यामुळे दुकानदारांनी गेम खालच्या फळीवर लावला, उड्या मारणाऱ्या सशांच्या शेजारी. एका आईनं आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून आपटला, म्हणाली ह्यात मारायचं कुणाला तेच पोराला कळत नाही. आणि ज्यांच्यासाठी तो केला ती चाळिशी-पन्नाशीची माणसं खालच्या फळीकडे वाकतसुद्धा नाहीत. महिनाअखेरीला दुकानं नव्या मालाची यादी करतात. तोवर लाल शिक्का मिळाला नाही तर गेम यादीतून बाहेर, आणि कंपनी बंद. भावानं दुसरीकडे नोकरीला अर्ज टाकलाच होता. चार वर्षं घातली होती तिघांनी.

पुढेकरांनी तिला तक्ता दाखवला. बघा, शून्य, शून्य, शून्य. मी काय माझ्या खिशातून रक्त घालू?

बाईनं तक्ता नीट वाचला. शेऱ्यातली इस्त्रीही वाचली. ती वाचताना तिचा चेहरा असा काही झाला की पुढेकरांना उगाचच पेपरवेट हलवावासा वाटला.

"तुम्ही तो खेळलात का?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! पूर्ण. एकोणीस मिनिटं. नोंद आहे."

"तो अडीच तासांचा आहे," बाई म्हणाली.

आता तपासनिसानं गेम पूर्ण खेळावा हा नियम होता. ती वर जाऊन तक्रार करती तर पुढेकरांची निवृत्ती दोन वर्षं आधी झाली असती. पण बाई तक्रार करायला आलीच नव्हती. ती म्हणाली, एकदा बटण न दाबता बघा, एवढंच. आणि पिशवी उचलून गेलीसुद्धा. अशी माणसं फार त्रास देतात हो. ओरडली असती तर परत ओरडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पुढेकरांनी हेडफोन कानाला लावले. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, बरं नाही का? कारण हेडफोन पुढेकरांच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होते, पिशवीला अजून चिकटपट्टी होती.

बोलणं ऐकायचं म्हणजे पुढेकरांना खरंच जड गेलं. अंगठा सारखा शिवशिवत होता. घरीही त्यांचं तेच. बायको शेजारणीचं काही सांगायला लागली की हे म्हणायचे, बरं, मग शेवटी काय झालं? तिनं बोलणंच कमी करून टाकलं होतं. आणि इथे तर हा म्हातारा प्रत्येक वस्तूपाशी थांबायचा. खिळ्यांचा डबा. सेल नसलेली बॅटरी. कोपरावर रफू केलेला स्वेटर. तुम्ही वस्तू बॅगेत टाका नाही तर 'राहू दे' म्हणा, तो काहीतरी सांगणार. काही फार मोठं नाही. ही बॅटरी घेऊन तुला शोधायला गेलो होतो, तू पाण्याच्या टाकीमागे झोपला होतास. एवढंच. आणि पुढच्या वस्तूकडे वळणार.

मग इस्त्री आली. पुढेकरांनी सवयीनं काढली. म्हाताऱ्यानं परत ठेवली. पुढेकरांनी काढली. म्हातारा ती हातात घेऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, तिथे तुझ्या शर्टांना इस्त्री कोण करणार?

पुढेकरांना आधी कळेना. मग कळलं. बापाला वाटत होतं, दोघंही चालले आहेत.

ही तांत्रिक चूक. दुरुस्ती व्हावी.

त्यांनी खेळ थांबवला, जाऊन चहा घेतला, चहा गार होईस्तोवर खिडकीतून खालच्या स्कूटरी मोजल्या. परत आले. पुढचा तासभर ते त्या घरात फिरले. मुलानं एकदाही खरं सांगितलं नाही. खेळाची रचनाच तशी होती, प्रत्येक वेळी तीन उत्तरं यायची आणि तिन्ही गोड, तिन्ही सोयीची. दाढीवाल्या नायकाला जगात सगळ्यांना गोळी घालायची मुभा असते. इथे साधं खरं बोलायची मुभा नव्हती, आणि ती नाही हे कुणी सांगतही नव्हतं, तुमचं तुम्हाला हळूहळू कळत होतं. शेवटी दार. बॅग बाहेर. कुलूप हातात. म्हातारा विचारतो, किती दिवसांसाठी?

तीन उत्तरं आली. आठ दिवस. पंधरा दिवस. तुम्हाला बरं वाटेपर्यंत. खाली एक रिकामी जागा, म्हणजे काहीच न बोलणं.

पुढेकरांनी हेडफोन काढून ठेवले आणि ते मोरीवर तोंड धुवायला गेले. त्यांचे वडील अकरा वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेले होते. म्हणजे पुढेकरच सोडून आले होते, रिक्षानं, एका बॅगेसह. दोन वर्षं तीन महिने तिथे राहून तिथेच गेले. घरात ह्याबद्दल कुणी बोलत नसे. बायकोनं एकदा बोलायचा प्रयत्न केला होता, तेव्हाही अंगठ्यानं आपलं काम केलं होतं.

परत येऊन त्यांनी काहीच न बोलण्याची जागा निवडली. म्हातारा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग 'बरं' म्हणाला आणि स्वतःच चालायला लागला. खेळ संपला. दोन तास चाळीस मिनिटं.

अपिलाचा कागद घेऊन पुढेकर मुख्य परीक्षकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, हा गेम लाल करायला हवा. लहान मुलाला हा दाखवू नये असं नाही, लहान मुलाला हा दिसणारच नाही. ज्यानं कधी कुणाला कुठे सोडलंय त्यालाच हा दिसतो. मुख्य परीक्षक सज्जन बाई होत्या, हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती थेंब? पुढेकर म्हणाले, थेंब नाही. त्या म्हणाल्या, मग कोणत्या रकान्यात भरू? 'तपासनिसाला रडू आलं' असा रकाना मला दाखवा, मी आत्ता सही करते. आता गंमत बघा. सतरा वर्षं हा माणूस तक्त्यामागे लपला, आणि बाहेर यायची वेळ आली तर तक्ता बाहेर येऊ देईना.

पुढेकर टेबलावर बसले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. नव्या माणसानंसुद्धा कधी वाचलेलं नसतं. दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी परिशिष्टात पोटनियम सापडला. शत्रूनं शत्रूला दिलेल्या शिव्या चाळीसपर्यंत माफ. पण एकाच कुटुंबातल्या माणसांमधली शिवी, एक जरी असली, तरी लाल. कुणी तरी वडीलधाऱ्या माणसांनी केलेला नियम असणार. ज्यांना शिव्या खायचा अनुभव असेल अशांनी.

त्यांनी गोष्ट लिहिणाऱ्या बाईला बोलावून घेतलं. महिना संपायला सहा दिवस होते. ती पुन्हा तीन जिने चढून आली, आणि पुढेकरांनी तिला खुर्चीही न देता सांगितलं की एक शिवी घाला. एकच. लाल शिक्का उद्या देतो.

बाई उभीच राहिली. मग म्हणाली, नाही. तो म्हातारा शिवी देणारा नाही. त्यानं 'बरं' म्हणणं हाच गेम आहे, त्या 'बरं'साठी मी चार वर्षं घातली. तिथे शिवी टाकली की उरला कोण? तो गुरगुरणारा दाढीवालाच की. आठ वर्षं ती एका वृद्धाश्रमाच्या स्वागताच्या टेबलावर बसत होती, असं तिनं सांगितलं. रोज मुलं यायची, सुना यायच्या. एकाही म्हाताऱ्यानं तिच्यासमोर शिवी दिली नव्हती. सगळे 'बरं' म्हणायचे. कंपनी बुडाली तरी चालेल, ती म्हणाली, पण खोटं घालणार नाही. आणि तिचे डोळे भरून आले, कारण कंपनी बुडालेली तिला अजिबात चालणार नव्हती.

पुढेकरांनी तिला बसायला सांगितलं. स्वतः उठून दार लोटून घेतलं.

"जो काहीच बोलत नाही, त्याला 'बरं'," ते म्हणाले. "ते तसंच ठेवा. ते बरोबर आहे. पण जो पंधरा दिवस म्हणतो, त्याला 'बरं' नाही मिळत. तिथे तुमचं चुकलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

आयुष्यात पहिल्यांदा पुढेकरांना कुणाच्या बोलण्याचं नव्हे, आपल्याच बोलण्याचं बटण हवं होतं, आणि ते नव्हतं.

"मी पंधरा दिवस म्हणालो होतो," ते म्हणाले. "माझे वडील उभ्या जन्मात कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. शाळेत शिक्षक होते. तुमच्या टेबलासमोर तेही 'बरं'च म्हणाले असते. पण हे घरी झालं, दारात, कुलूप माझ्या हातात होतं. ते म्हणाले, हरामखोरा, निदान वर्ष तरी म्हण."

पिशवीतून बाईनं वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग विचारलं, कसं म्हणाले? ओरडून? पुढेकर म्हणाले, नाही. चष्मा पुसत होते.

चार दिवसांत नवा गेम आला. नियमाप्रमाणे बदललेला भाग तपासनिसानं स्वतः ऐकून मिनिट-सेकंद टिपायचा असतो. पुढेकरांनी बॅग भरली. खिळे, बॅटरी, स्वेटर, ह्या वेळी इस्त्रीही राहू दिली. दारात आले. म्हाताऱ्यानं विचारलं, किती दिवसांसाठी? पुढेकरांनी पंधरा निवडलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि हळू आवाजात तेच म्हणाला. आवाज भरणाऱ्यानं काम चोख केलं होतं. नोंदीला एकदा ऐकणं पुरे होतं. पुढेकरांनी चार वेळा ऐकलं, आणि शेजारच्यानं काय झालं विचारलं तेव्हा सांगितलं की सेकंद नीट लागत नाहीयेत.

तक्ता भरला. कुटुंबांतर्गत शिवी: एक. बेरीज: लाल. मुख्य परीक्षकांनी न वाचता सही केली, कारण आता वाचायला काही नव्हतं, आकडा होता. दुकानदारांच्या यादीत गेम दोन दिवस राखून पोचला. वरच्या फळीवर, काळ्या कापडावर, दिव्याखाली, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कवटी. चाळिशीतली माणसं लाल शिक्का बघून तो रक्ताच्या आशेनं घरी न्यायला लागली. फसवणूकच म्हणायची. पण परत आणून आपटायला कुणी आलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. सही झाली त्याच दुपारी आवक-जावक बघणाऱ्या लिपिकबाईंनी तक्ता परत आणला. त्यांची नजर म्हणजे नजर. मागच्या पानावर एक रकाना पुढेकरांनी सवयीनं कोरा सोडला होता. 'शिवी विनाकारण आहे काय? नसल्यास कारण नमूद करावे.' सतरा वर्षांत हा रकाना कुणी भरला नव्हता. त्यात जागाही जेमतेम एका ओळीची.

पुढेकरांनी पेनाचं टोपण काढलं. लिपिकबाई समोरच उभ्या होत्या, त्यांना पाचच्या आत कागद जावकला लावायचा होता. लिहा हो काहीही, त्या म्हणाल्या, कुणी वाचत नाही.

पुढेकरांनी लिहिलं, 'विनाकारण नाही. मुलगा खोटं बोलत होता.' आणि खाली, जिथे तपासनिसाचं नाव लिहायचं असतं, तिथे त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, मधलं वडिलांचं नाव धरून.